देशाकडून न खेळलेला समालोचक

हैदराबाद हे शहर मराठवाड्यातील जुन्या पिढीला कधीच परके वाटले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचे जिल्हे निजामाच्या संस्थानात होते, त्यानंतरही १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातच राहिले, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पदवी किंवा वकिलीची परीक्षा द्यायची म्हणजे उस्मानिया विद्यापीठाची वाट धरायची, हे इथल्या अनेक घरांत ठरलेले असे. नभोवाणीचेही तसेच आहे. संस्थानाची हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या ताब्यात आली. त्यामुळे हैदराबादच्या एका मराठी प्राध्यापक दांपत्याचा मुलगा आकाशवाणीवर क्रिकेटबद्दल बोलता बोलता ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला, ही गोष्ट मी भावकीतल्या मुलाचे कौतुक ऐकावे तशी ऐकत आलो आहे. हर्षा भोगले यांची कारकीर्द सर्वांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते. मला तिच्याकडे जरा सलग पाहायचे आहे, कारण अंबाजोगाईत मराठी शिकवताना आणि तालुक्याच्या खो-खो, कबड्डी स्पर्धांत माइक हाती येत असताना जो प्रश्न मला विद्यार्थी वारंवार विचारतात, त्याचे उत्तर या कारकिर्दीत आहे असे मला वाटते. स्वतः मोठ्या पातळीवर न खेळलेल्या माणसाचे खेळाबद्दलचे बोलणे लोकांनी का ऐकावे, असा तो प्रश्न आहे.

भोगले यांचा जन्म १९६१ चा. त्यांनी उस्मानिया विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि नंतर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. क्रिकेट ते खेळले, हैदराबादच्या साखळी स्पर्धांत खेळले, विद्यापीठाच्या संघातूनही खेळले, पण खेळाडू म्हणून त्यांची मजल तिथेच थांबली. आकाशवाणीच्या हैदराबाद केंद्रावर त्यांनी समालोचनाला सुरुवात केली तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. पुढे काही काळ जाहिरात क्षेत्रात आणि क्रीडा व्यवस्थापनाच्या व्यवसायात नोकरी करतानाही त्यांनी माइक आणि लेखणी सोडली नाही. भारतीय संघ १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय नभोवाणीने त्यांना समालोचनासाठी बोलावले. असे निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय समालोचक होत. त्यांचे दूरचित्रवाणीवरचे पर्व यानंतर, १९९५ च्या सुमारास, उपग्रह वाहिन्यांबरोबर सुरू झाले. म्हणजे ज्यांना आपण पडद्यावरचा हसरा चेहरा म्हणून ओळखतो, त्यांची सगळी घडण ज्या माध्यमात चेहऱ्याला काही किंमतच नसते अशा माध्यमात झाली आहे. हा क्रम उलटा असता तर ते इतके चांगले निवेदक झाले असते का, याची मला शंका आहे.

रेडिओवरचा समालोचक डोळे नसलेल्या श्रोत्यासाठी बोलत असतो. ही अडचण किती मूलभूत आहे, हे या व्यवसायाच्या पहिल्याच पावलांत दिसते. बीबीसीने जानेवारी १९२७ मध्ये रग्बीच्या आणि लगोलग फुटबॉलच्या सामन्याचे थेट प्रसारण केले, तेव्हा श्रोत्यांसाठी नियतकालिकात मैदानाचा चौकोनांत विभागलेला आराखडा छापला होता. समालोचक खेळ सांगत असताना दुसरा माणूस चेंडू कितव्या चौकोनात आहे तो आकडा म्हणत असे, आणि लोक घरी कागद समोर ठेवून खेळ ऐकत. पुढे कागद गेला. तो आराखडा श्रोत्याच्या मनात उभा करण्याचे काम मात्र समालोचकाच्या गळ्यात कायमचे पडले. क्रिकेटमध्ये ‘चेंडू डावीकडे गेला’ या वाक्याला रेडिओवर काहीच अर्थ नसतो, कारण कोणाच्या डावीकडे हे कळत नाही. म्हणून गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो आहे, फलंदाज उजव्या हाताचा आहे की डाव्या, क्षेत्ररक्षक कोठे उभे आहेत, हे षटकाच्या आरंभी सांगून ठेवावे लागते, म्हणजे पुढचा प्रत्येक चेंडू श्रोता स्वतःच जागेवर बसवतो. आणि धावसंख्या पुन:पुन्हा सांगावी लागते. मध्येच रेडिओ लावणाऱ्याला पहिल्यांदा तीच हवी असते. अमेरिकेतील बेसबॉलचे नामांकित समालोचक रेड बार्बर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवून बोलत, आणि वाळू सरली की गुणफलक सांगत.

मराठीत ही कला बाळ ज. पंडित यांनी रुजवली. ते स्वतः रणजी स्पर्धेत खेळलेले होते, आणि तरीही त्यांच्या बोलण्यात तज्ज्ञाचा ताठा नव्हता. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात क्रिकेटचे मैदान पाहिलेले नाही, त्यालाही कसोटी सामना कळावा अशा बेताने ते बोलत. मराठी दैनिकात खेळाला स्वतंत्र पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर हेही आकाशवाणीवरून समालोचन करीत, आणि त्यांच्या बोलण्यात अभ्यासाचे वजन असे. मोंढ्यात, पानटपरीवर, कापसाच्या गाडीवर एकच ट्रान्झिस्टर आणि भोवती दहा माणसे, असा तो काळ होता. आवाज मध्येच जाई, खरखर होई, आणि गेलेल्या दोन चेंडूंत काय झाले असेल याचा अंदाज पुढच्या वाक्यावरून बांधावा लागे. चांगल्या समालोचकाच्या पुढच्या वाक्यावरून तो बांधता येत असे, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षा तीच होती.

खो-खोच्या मैदानावर माइक घेतला की हे सगळे सिद्धांत मिनिटभरात तपासून पाहता येतात. वरिष्ठ गटात आक्रमणाची एक पाळी नऊ मिनिटांची असते. आठ गडी चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात, नववा पाठलाग करतो, आणि संरक्षण करणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. पळणाऱ्याला बसलेल्या गड्यांमधून हवे तसे ये-जा करता येते, पाठलाग करणाऱ्याला मात्र दिशा बदलता येत नाही आणि ओळही ओलांडता येत नाही. म्हणून तो खो देतो, आणि असे खो इतक्या झपाट्याने दिले जातात की प्रत्येक खो सांगायला गेलात तर दुसऱ्या मिनिटाला तुमची जीभ खेळाच्या दहा पावले मागे असते. कोणता तरी एक धागा धरावाच लागतो. मी पळणाऱ्याचा धरतो. तो खांबाच्या किती जवळ आहे, साखळी खेळतो आहे, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळतो आहे, की एका बाजूला कोंडला गेला आहे, किती वेळ टिकला आहे, एवढे सांगत राहिले की पाठलाग आपोआप कळतो. मग गडी सूर मारून टिपला गेला की थांबायचे आणि पहिले वाक्य वेळेचे म्हणायचे: ‘एक मिनिट पन्नास सेकंद संरक्षण.’ खो-खोत वेळ हीच धावसंख्या असते, हे ज्याला उमजले त्याचे अर्धे काम झाले.

हा खेळ आमच्या भागाचा आहे, हे मी अभिमानाने सांगतो. धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची केज तालुक्यातली. त्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. ज्या तालुक्यातून कर्णधार येते, त्या तालुक्यातून तिचा खेळ जगाला सांगणारा आवाज का येऊ नये, हा प्रश्न मला सतावतो.

दूरचित्रवाणीवर अडचण नेमकी उलटी होते. प्रेक्षकाला सगळे दिसते, पुन्हा संथ गतीने दिसते, चार कोनांतून दिसते. तिथे ‘त्याने चेंडू टोलवला’ म्हणणे म्हणजे प्रेक्षकाला आंधळा समजणे होय. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनॉ यांनी खेळत असतानाच, १९५६ चा इंग्लंड दौरा आटोपल्यावर, बीबीसीत राहून निवेदनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, आणि पडद्यावरच्या दृश्यात भर घालता येत नसेल तर गप्प राहावे हा त्यांचा दंडक पुढे सगळ्यांनी मानला. मानला म्हणजे वाखाणला. पाळणारे थोडेच आहेत. त्यातच निवेदकाच्या कानात निर्मात्याचा आवाज सतत चालू असतो: जाहिरातीला दहा सेकंद, आता कॅमेरा तीनवर, नाणेफेकीचा पाहुणा बदलला. एका कानाने हे ऐकत, समोरच्या माजी खेळाडूच्या बोलण्यातला धागा न सोडता, आणि चेहऱ्यावर यातले काहीही न दाखवता वाक्य नेमक्या सेकंदाला पूर्ण करायचे असते. भोगले यांचा हातखंडा इथे दिसतो. तज्ज्ञ तीन-चार असतात, मात्र त्यांच्यातून सामान्य माणसाच्या उपयोगाचे बोलणे काढून घेणारा एकच असतो.

यावरून नोव्हेंबर २०१९ मधला प्रसंग आठवतो. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताची मायभूमीवरची पहिली दिवस-रात्र कसोटी बांगलादेशाविरुद्ध चालू होती. गुलाबी चेंडू फलंदाजांना नीट दिसतो की नाही, हे खेळाडूंना विचारून पाहायला हवे, असा मुद्दा भोगले यांनी समालोचन करताना काढला. त्यावर त्यांचे सहकारी संजय मांजरेकर यांनी, हे तुम्हाला विचारावे लागेल, आम्ही खेळलेलो असल्याने आम्हाला अंदाज असतो, अशा अर्थाचे काहीसे लागट उत्तर दिले. भोगले यांनी आवाज न चढवता आपला मुद्दा कायम ठेवला, आणि मांजरेकर यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झाले. मला या वादात कोण जिंकले यात रस नाही. विचारावे लागणे ही मांजरेकरांनी दाखवलेली उणीव म्हणजेच निवेदकाचा व्यवसाय आहे, एवढेच मला त्यात दिसते. घरी बसलेल्या कोट्यवधी लोकांनी गुलाबी चेंडू कधी हातात धरलेला नसतो. त्यांच्या मनातला प्रश्न खेळलेल्या माणसाला सुचतच नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असते.

याचा अर्थ खेळलेल्या माणसाची गरज नाही असा मुळीच नव्हे. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर हे त्याचे आमच्या घरचे उदाहरण आहे. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील हेडिंग्लेच्या मैदानावर ढगाळ हवेत भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, आणि सलामीला आलेल्या बांगर यांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. द्रविड यांच्याबरोबर त्यांची १७० धावांची भागीदारी झाली. त्या डावात द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतके झाली, भारत डावाने जिंकला, आणि ते ६८ गुणफलकावर झाकले गेले. पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येक दुसरा चेंडू बॅटची कड शोधत असताना उभे राहणे म्हणजे काय, हे सांगण्याचा अधिकार त्यांचाच आहे. पुढे भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होऊन ते हिंदी समालोचनात आले, आणि तंत्र उलगडून सांगण्यात आज त्यांच्या तोडीचे थोडे आहेत. पण त्या सकाळबद्दल त्यांना विचारणारा कोणीतरी शेजारी बसलेला असावा लागतो. बांगर आणि भोगले ही एकाच कामाची दोन टोके आहेत, आणि आमच्या मुलांपैकी बहुतेकांना दुसरे टोकच धरता येणार आहे.

या वाटेवर पाय ठेवणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी, ती म्हणजे इथे कायमची नोकरी जवळजवळ नसते. आकाशवाणीत आवाजाची चाचणी होते, नैमित्तिक उद्घोषकांच्या यादीत नाव लागते, आणि मग बोलावणे येईल तेव्हा काम आणि कामापुरते मानधन मिळते. वाहिन्यांवर करार हंगामापुरता किंवा मालिकेपुरता असतो. भोगले यांच्यासारखा माणूससुद्धा एप्रिल २०१६ मध्ये आयपीएलचा हंगाम तोंडावर असताना समालोचकांच्या यादीतून वगळला गेला, आणि कारण आपल्याला कोणी सांगितलेले नाही असे त्यांना स्वतः जाहीरपणे लिहावे लागले. नंतर ते परतले, ही गोष्ट वेगळी. तीस-पस्तीस वर्षांची पुण्याई असलेल्याची ही कथा, तर नवख्याची काय असणार? म्हणून मी मुलांना बी.एड. किंवा दुसरी काही पोटाची सोय सोडू नका असे सांगतो. त्यांना ते आवडत नाही, त्यांच्या आईवडिलांना फार आवडते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर मराठी आवाजाला आजच्याइतकी मागणी पूर्वी नव्हती. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएलचे सामने बारा भाषांत दाखवले, त्यांत मराठीही होती. त्याच हंगामात केदार जाधव मराठी समालोचन करीत होते, आणि मे महिन्यात बंगळूरच्या संघाने जखमी खेळाडूच्या जागी त्यांनाच बोलावून घेतले, हा त्यातला गमतीचा भाग. हे प्रादेशिक समालोचन बहुधा मैदानावरून होत नाही. समालोचक मुंबईच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून बोलतात, म्हणजे प्रेक्षकाला जेवढे दिसते तेवढेच त्यांनाही दिसते. अशा वेळी जवळ काय शिदोरी आहे यावर सगळे अवलंबून असते. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य मिळवले. सुवर्णपदक विजेता ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत आला आणि साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात, आणि एवढ्या साऱ्यावर बोलायला सव्वाआठ मिनिटे मिळतात. आष्टी तालुक्यातले मांडवा हे गाव, तिथला दुष्काळ, लांबवर चालत-पळत गाठावी लागणारी शाळा आणि सैन्यातली भरती हे ज्याला आतून ठाऊक आहे, तो ही मिनिटे कशी भरील आणि केवळ आकडे वाचणारा कशी भरील, यात मोठे अंतर आहे. बोलण्यातला मराठवाडी हेलही लपवण्याचे कारण नाही. उच्चार स्पष्ट असावेत आणि नावे बिनचूक असावीत, हेल असला म्हणून श्रोत्याचे काही बिघडत नाही.

शिकण्यासाठी आमच्याकडे मैदानांची वाण नाही. रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धा आता मोबाइलवरून थेट दाखवल्या जातात आणि गावोगावची मुले त्यांवर उत्साहाने बोलतात. उत्साह चांगला आहे, पण प्रत्येक षटकाराला चारोळी म्हटल्याने फलकावर काय आहे ते राहून जाते. त्याहून मोठी पीडा सत्काराची आहे. सामना रंगात आलेला असतो, शेवटची तुकडी मैदानात असते, दोन गुणांचा फरक असतो, आणि नेमके तेव्हा कोणीतरी निवेदकाच्या हातातून माइक घेऊन मान्यवरांचे आगमन, त्यांचे पद, त्यांच्या वडिलांचे कार्य आणि शाल-श्रीफळ हे सगळे यथासांग करतो. तोवर सामना संपलेला असतो. जगातल्या कोणत्याही समालोचकाला निर्मात्याचा आवाज कानात ऐकावा लागतो, आमच्याकडे निर्माता खांद्यावर हात ठेवतो.

मोठ्या पातळीवर न खेळलेल्याचे बोलणे लोकांनी का ऐकावे, हा प्रश्न ज्या विद्यार्थिनीने मला या वर्षी विचारला, ती स्वतः खो-खो खेळलेली आहे, जिल्ह्यापर्यंत. मी तिला सामन्याचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायला सांगितले आणि ते सामना न पाहिलेल्या तिच्या आजीला ऐकवायला सांगितले. आजीने एकच विचारले की कोण जिंकतंय ते तू मधेमधे का सांगत नाहीस. पहिल्या चार मिनिटांत तिने गुण एकदाही सांगितले नव्हते. आता ती दर दोन मिनिटांनी थरथरणारा गजर लावून मोबाइल मुठीत धरते आणि त्या इशाऱ्यासरशी गुण, वेळ आणि आत असलेल्या तुकडीची नावे सांगते. दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी आदल्या दिवशी मिळवून त्यांच्या शाळा आणि मागची कामगिरी वहीत उतरवायची सवयही तिने लावून घेतली आहे. येत्या तालुका स्पर्धेत माइक तिच्याकडे द्यावा, असे मी संयोजकांना पत्राने कळवले आहे. मान्यवरांचे सत्कार दोन डावांमधल्या विश्रांतीत उरकावेत, हेही त्याच पत्रात अधोरेखित करून लिहिले आहे. पहिल्या विनंतीला त्यांनी होकार दिला आहे, दुसरीवर विचार चालू आहे.